आईचं विणकाम लेकीपर्यंत पोचवायचं कसं?

लोकरवेडी: आमच्याकडे दोन सुयांवरचं विणकाम आजीकडून आईकडे आलं आणि माझ्यापाशी अडलं. आईने एकही नमुना लिहून ठेवलेला नाही. मापं वितीत आणि बोटांत. "किती टाके घालू?" विचारलं की "घाल, मग बघू." आता माझी बारा वर्षांची लेक तिच्याकडे बसते, पण एक टाका निसटला की आई सगळं उसवायला लावते. पोरीचा रस चाललाय. सरळ व्हिडिओवरून शिकू देऊ का? आणि आईच्या डोक्यातलं उतरवून कसं घेऊ? तिची बोटं हल्ली दुखतात, म्हणून घाई.

उलटसुलट: व्हिडिओ खुशाल बघू दे, पण धागा धरायची पद्धत आईंचीच ठेवा. कोणी उजव्या हाताने धागा सुईवर टाकतं, कोणी डाव्या बोटावर ताणून सुईने ओढून घेतं. दोन्ही बरोबर, पण नवशिकीने सरमिसळ केली की एक ओळ घट्ट, एक ढगळ.

उतरवून घ्यायचं तर आईंना प्रश्न विचारत बसू नका, विणायला बसवा. मागे उभं राहून खांद्यावरून हातांचं चित्रण करा. समोरून केलं तर बघणाऱ्याचं डावं-उजवं उलटं होतं. मग त्यांच्या नेहमीच्या सुया-लोकरीवर 15 सेंमीचा चौकोन विणून घ्या, धुवा, सपाट वाळवा (हे कोणी करत नाही आणि मग स्वेटर धुतल्यावर रडतात) आणि मधल्या 10 सेंमीतले टाके मोजा. 22 आले तर 90 सेंमी घेराला 198. "घाल, मग बघू"मागे हाच हिशोब असतो, त्या तो मनात करतात. त्यांनी विणलेले जुने स्वेटरही मोजून ठेवा, बगलेपाशी टाके कसे कमी केलेत ते खास.

उसवण्यात मी अर्धी आईंच्या बाजूने. निसटलेला टाका क्रोशाच्या सुईने एकेका आडव्या धाग्यातून ओढत वर आणता येतो, त्यासाठी सगळं उसवणं म्हणजे छळ. पण नक्षीच चुकली असेल तर उसवाच. उसवता येणं हेही कसबच आहे. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार गॅन्सी नावाचे स्वेटर घालत. त्यांच्या बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणत, म्हणजे कफ झिजला की तेवढाच उसवून नवा विणता येई. दुरुस्तीचा विचार विणतानाच केलेला!

डावखुरा: पोर डावरी असेल तर मात्र आजीने समोरच बसावं, आरशातल्यासारखं बघून जमतं. आणि पहिली लोकर फिक्या रंगाची, जाडसर घ्या, सुया 5-6 मिमीच्या. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाके दिसतच नाहीत.

लोकरवेडी: लेक उजवीच आहे. आईला क्रोशाच्या सुईचं विचारलं तर म्हणाली, "मला येतं की ते. पण आत्ताच दाखवलं तर ती विणताना बघणार कधी?"

उलटसुलट: मग पहिल्या मफलरला आईंचा कायदा चालू द्या. फक्त टोपीला हात घालायच्या आधी क्रोशाची सुई पोरीच्या पिशवीत पडली पाहिजे, एवढं आईंकडून कबूल करून घ्या.