मदत हवी आहे: बाबांना शब्द सापडत नाहीत, काय करू?

सायली_क
पटकन उत्तर हवंय. बाबांना चष्मा हवा असतो आणि ते म्हणतात "घड्याळ दे". घड्याळ दिलं की चिडतात. पाटी दिली तर नुसत्या रेघोट्या. डॉक्टर "अफेजिया" म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. स्मरणशक्ती गेली का त्यांची?

अन्वय
कधीपासून? अचानक की हळूहळू? आज-काल अचानक सुरू झालं असेल तर इथे लिहीत बसू नका, आधी हॉस्पिटल गाठा.

सायली_क
सहा आठवडे झाले. झटका आला होता, डाव्या बाजूला. लिहायचं राहिलं.

मिलिंद७१
डाव्या बाजूला म्हणजे मेंदूच्या की शरीराच्या?

सायली_क
मेंदूच्या. उजवा हात लुळा आहे, हे ओघानं आलंच ना!

देवेन_प
मग रेघोट्याच येणार, डाव्या हातानं कोण लिहितं? अक्षरांचा तक्ता करा, ते बोट ठेवतील. काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा वर्षभर आमचं सगळं तक्त्यावर चाललं.

सायली_क
मोबाइलवर अक्षरं दाखवून पाहिली. नुसते बघत बसतात.

शुभदा_वाचा
मी स्पीच थेरपिस्ट आहे. देवेन, तुमच्या काकांचा आवाज गेला होता, भाषा शाबूत होती. इथे भाषेलाच मार बसलाय, म्हणून लिहिणं-वाचणंही अडतं. मूकबधिर माणसाच्या मेंदूला डावीकडे अशी इजा झाली तर त्याची खुणांची भाषासुद्धा बिघडते, हात धड असले तरी.
सायली, अफेजियालाच मराठीत वाचाघात म्हणतात. हा स्मृतिभ्रंश नव्हे. चष्मा म्हणजे काय, तो कुठे असतो, हे बाबांना माहीत आहे. त्याचं नाव हाताला लागत नाही आणि शेजारचंच दुसरं नाव तोंडून निघतं. १८६१ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाचा मेंदू तपासला, तो वर्षानुवर्षं फक्त "टॅन" एवढंच बोलू शकायचा, पण त्याला समजायचं बरंच. इजा डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात निघाली. १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर वेर्निके यांनी उलट प्रकार मांडला: बोलणं घडाघडा, पण अर्थ लागत नाही आणि समोरच्याचंही नीट उमगत नाही. बाबांना तुमचं कितपत समजतं?

सायली_क
"खिडकी लाव" म्हटलं की खिडकीकडे बघतात. लांबलचक बोललं की गोंधळतात. पण एक ते दहा आकडे सलग म्हणतात! मग तीन बोटं दाखवून "किती?" विचारलं तर गप्प.

शुभदा_वाचा
अगदी नेहमीचं. पाठ असलेलं आपसूक बाहेर पडतं. आकडे, गाणं, शिवीसुद्धा. स्वतः शब्द निवडायचा म्हटलं की अडतं. चाल लावून वाक्यं बोलायला शिकवण्याची पद्धत १९७३ पासून आहे, पण ती सगळ्यांना लागू पडत नाही.

राधिका_०९
माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे, अजून बोलत नाही. हेच असेल का?

मिलिंद७१
ताई, ते वेगळं. आधी त्याची श्रवणचाचणी करून घ्या आणि नवीन धागा काढा.

अन्वय
दोन भाषा येत असतील तर आधी कोणती परतते? फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो म्हणायचे, लहानपणी शिकलेली. फ्रेंच डॉक्टर पित्र यांनी १८९५ मध्ये लिहिलं, जास्त वापरातली. मला पित्र पटतात.

शुभदा_वाचा
दोन्ही नियम प्रत्येकाला लागू पडत नाहीत. दोन्ही सारख्याच परतणारेही पुष्कळ असतात.

देवेन_प
तक्ता नाही तर नाही, पण चित्रं? चष्म्याचं चित्र तरी ओळखतीलच की.

शुभदा_वाचा
चित्रं चालतील, हे बरोबर. आणि सायली, छोटी वाक्यं, टीव्ही बंद, एका वेळी एकच जण. "हो" म्हणायचं असताना "नाही" निघू शकतं, म्हणून अंगठा वर-खाली करून खात्री करा. थेरपी लगेच सुरू करा. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा जास्त दिसते, नंतरही ती थांबत नाही.

सायली_क
आत्ता चष्मा आणि घड्याळ दोन्ही समोर धरले. त्यांनी चष्म्यावर बोट ठेवलं. म्हणाले "घड्या…", मान हलवली, "नाही". मग ओठ नुसतेच हलत राहिले. मला राहवलं नाही, मीच "चष्मा" म्हटलं आणि त्यांनी मान फिरवली. चुकलं का माझं?

शुभदा_वाचा
स्वतःची चूक त्यांना कळली, हे फार चांगलं आहे. पुढच्या वेळी मनात दहा आकडे मोजा. तरीही अडले तर फक्त "च" म्हणा आणि पुन्हा थांबा.