बेसबॉलमधील ‘सरासरी’ला काय म्हणावे?

प्रश्न : १९४१ च्या ‘अमेरिकन लीग’ या बेसबॉल स्पर्धेतील अव्वल फलंदाजांच्या यादीचे मराठीकरण करीत आहे. पहिल्या स्थानावरील टेड विल्यम्स याच्या नावापुढे .४०६ आणि त्याखालोखाल सेसिल ट्रॅव्हिस याच्या नावापुढे .३५९ असे आकडे आहेत. ब्रॅडमनची ९९.९४ ज्यांना पाठ आहे, त्यांना ‘फलंदाजीची सरासरी .४०६’ हे वाक्य छपाईची चूक वाटेल. दुसरा शब्द आहे का?

उत्तर : क्रिकेटमध्ये धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतात, बेसबॉलच्या या आकड्यात मात्र धावांचा संबंधच येत नाही. विल्यम्सने त्या मोसमात ४५६ पाळ्यांमध्ये १८५ वेळा ‘हिट’ मिळवली (म्हणजे चेंडू टोलवून तो ‘बेस’ या मैदानातील ठरावीक थांब्यावर सुखरूप पोहोचला) आणि त्यांचा भागाकार .४०६ आला. गणिताच्या दृष्टीने त्याला सरासरी म्हणण्यात चूक नाही, परंतु वाचकाला त्यातून जे समजायला हवे ते ‘प्रमाण’ या शब्दातून अधिक नेमके समजते. जन्मदर सांगताना आपण ‘दर हजारी’ म्हणतो, तसेच येथे ‘दर हजारी ४०६’ म्हणता येईल. अमेरिकेतही हा आकडा दशांशचिन्ह गाळूनच उच्चारतात. ‘चारशेचा फलंदाज’ असे भाषांतर मात्र टाळावे, कारण आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच लारा उभा राहील.

‘हिट’ला नुसता ‘फटका’ म्हणणेही मला पटत नाही. चेंडू टोलवला आणि क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळेच फलंदाज बेसवर पोहोचला, तर फटका बसलेला असूनही हिट धरली जात नाही. तो निर्णय अधिकृत गुणलेखकाचा असतो. म्हणून ‘सफल फटका’ म्हणावे, किंवा सरळ ‘हिट’ ठेवावे.

पुन्हा प्रश्न : ‘पाळी’ऐवजी ‘डाव’ चालेल का?

उत्तर : नाही. बेसबॉलच्या सामन्यात नऊ डाव असतात, त्यामुळे तो शब्द आधीच अडकलेला आहे. शिवाय ‘पाळी’चेही दोन प्रकार करावे लागतील. फलंदाज प्लेटपाशी, म्हणजे फलंदाजीच्या जागेवर, आला की ती पाळी झाली. परंतु चार ‘बॉल’ (फलंदाजाने न खेळलेले, ठरलेल्या टप्प्याबाहेरचे चेंडू) पडून त्याला पहिला बेस फुकट मिळाला, तर ती पाळी या भागाकारात धरत नाहीत. जी धरतात तिला मी ‘हिशेबी पाळी’ म्हणेन. वर ज्या ४५६ पाळ्या लिहिल्या, त्या हिशेबीच होत.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, ते विल्यम्सच्याच १९५४ च्या मोसमात दिसते. त्याचे प्रमाण .३४५ होते आणि क्लीव्हलँड संघाच्या बॉबी अविलाचे .३४१, तरीही अग्रस्थानाचा मान अविलाला मिळाला. त्या वेळच्या नियमानुसार किमान ४०० हिशेबी पाळ्या आवश्यक होत्या आणि विल्यम्सच्या ३८६ भरल्या. गोलंदाज त्याला जपून चेंडू टाकीत, त्यामुळे त्या मोसमात त्याला १३६ वेळा फुकट बेस मिळाला होता. म्हणजे ज्या धाकामुळे त्याच्या पाळ्या बुडाल्या, तो धाक त्याच्या फलंदाजीचाच होता. पुढे १९५७ पासून पात्रतेसाठी हिशेबी पाळ्यांऐवजी एकूण पाळ्या मोजू लागले : संघाच्या दर सामन्यामागे ३.१. तेव्हा अशा याद्यांखालच्या टीपेत १९५४ साठी ‘हिशेबी पाळ्या’ आणि १९५७ पासूनच्या मोसमांसाठी ‘एकूण पाळ्या’ असे वेगवेगळे लिहावे.