‘आसंजन बल’ की ‘पकड’?

प्रश्न (वेंगुर्ले): अकरावीच्या मुलांसाठी टिपण लिहितेय. ई. कोलाय जंतू मूत्राशयाच्या पेशीला किती घट्ट धरतो, ते पिकोन्यूटनमध्ये मोजतात. ‘आसंजन बल’ मुलांना जड जातं. ‘चिकटशक्ती’ चालेल का?

उत्तर (रत्नागिरी): ताई, ‘शक्ती’ नको. भौतिकीत शक्ती वॅटमध्ये मोजतात, बल न्यूटनमध्ये. ‘आसंजन’ शब्द तसा छान आहे, ‘आसक्ती’च्याच धातूतला, पण ‘चिकट’ म्हटलं की डिंक आठवतो आणि इथे डिंकासारखं काही नाही. जंतूच्या केसासारख्या तंतूच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन असतं, ते पेशीवरची मॅनोज साखर नेमकी ओळखून धरतं.

शिवाय मोजतात काय, तेही बघा. बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी 1986 मध्ये आणलेल्या अणुबल सूक्ष्मदर्शकात एक बारीक लवचीक पट्टी असते. तिच्या टोकाला एखादा जंतू बसवतात, पेशीला टेकवतात आणि पट्टी हळूहळू वर घेतात. पट्टी वाकत जाते, तिच्यावरून परावर्तित होणारा लेझरचा ठिपका सरकतो, आणि एका क्षणी जंतू सुटून पट्टी झटक्यात सरळ होते. वाक गुणिले पट्टीचा ताठरपणा, हा झाला आकडा. म्हणजे मोजलं जातं ते सुटतानाचं बल! पट्टी जास्त वेगाने ओढली तर तोच बंध सहसा मोठा आकडा देतो. म्हणून ‘विलगन बल’, किंवा सरळ ‘सुटण्याचं बल’ लिहा.

उत्तर (मालवण): मोजमापाला ते बरोबर. पण मुळात घडतं काय, त्याला आमच्याकडचं क्रियापद घ्या: धरणे. तळाला नुसती सैल रेती असली की ‘नांगर धरत नाय’ म्हणतात. धरला, तर होडीच्या ओढीने तो आणखी रुततो. फिमएचचं तसंच. लघवीच्या प्रवाहाने जंतू ओढला जातो तेव्हा पकड सैल न होता आवळते, प्रवाह मंद असला की जंतू पेशीवर घरंगळत राहतो. प्रयोगात हे 2002 मध्ये दिसलं. ‘चिकटणे’त ही ओढ येतच नाही.

प्रश्नकर्ती: दोघांचेही आभार. मजकुरात ‘पकड’ आणि ‘धरणे’ घेते, आलेखाच्या उभ्या अक्षावर ‘बल (पिकोन्यूटन)’, आडव्यावर ‘अंतर’. पिको म्हणजे एक लाख कोटीवा भाग, असं लिहिलं तर चालेल ना?

उत्तर (रत्नागिरी): चालेल. 1 भागिले 1 वर 12 शून्यं, हेही शेजारी द्या.