वय ४९, उंची ४ फूट ११ इंच, पहिली गाडी कोणती घेऊ?

बोरीकाठची मास्तरीण

नमस्कार मंडळी. अमळनेरला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा १४ किलोमीटरवर, एकवीस वर्षं स्कूटीनेच गेले-आले. आता कंबर कुरकुरायला लागलीय. त्यात सासूबाईंना दर महिन्याला धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं असतं आणि एसटीच्या पायरीवर त्यांचा पाय चढत नाही. आमचे हे भुसावळला रेल्वेत. आठवड्यातून एकदा येतात आणि सायकलीपलीकडे काही चालवत नाहीत. म्हणजे चालवणार मीच.

मार्चमध्ये क्लास लावला. पंधरा दिवसांचा. त्यातले चार दिवस गाडी बंद, दोन दिवस शिकवणारा मुलगा लग्नाला. त्याच्या पायाखालीही क्लच-ब्रेक होते, त्यामुळे गाडी मी चालवतेय की तो, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सीटवर उशी ठेवली तर बोनेट दिसायचं, पण मग टाच जमिनीला टेकायची नाही. तरी लायसन्स मिळालं. (चाळिशी ओलांडली की डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो, तोही झाला.) चढावर गाडी थांबली की मात्र अजून पोटात गोळा येतो. शेवटच्या दिवशी पुलाच्या चढावर तीनदा बंद पडली आणि मागे केळीचा ट्रक.

बजेट साडेचार, ओढूनताणून पाच लाख. दीर म्हणतात जुनी घ्या, ठोकली तरी जीव जळणार नाही. मुलगा पुण्याहून सांगतो ऑटोमॅटिक. शाळेतले सर म्हणतात सीएनजी. शेजारीण म्हणाली, या वयात कशाला? तिला जे सांगितलं ते इथे लिहीत नाही.

पिंप्राळ्याचे काका

मॅडम, मी बँकेतून रिटायर झाल्यावर ५९ व्या वर्षी शिकलो. तुम्ही दहा वर्षं लवकर आलात.

आधी सीएनजीचा हिशेब करू. शाळेचे दिवस सव्वादोनशे धरले तर ६,३०० किलोमीटर. धुळे आणि इकडचं-तिकडचं धरून वर्षाचे नऊ हजार. पेट्रोल १०५ रुपये धरा, गाडी लिटरला २० देईल, म्हणजे किलोमीटरला सव्वापाच. सीएनजीवर सव्वातीन-साडेतीन. नव्या गाडीत सीएनजीचे साधारण ९० हजार जास्त मोजावे लागतात. ते वसूल व्हायला पाच वर्षं. वर डिकीत टाकी, सासूबाईंची व्हीलचेअर ठेवायची वेळ आली तर कुठे ठेवाल? आणि पंपावरची रांग वेगळीच. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्याला सीएनजी, तुम्हाला नाही.

माझं मत नव्या गाडीकडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा सेसही गेला. अल्टो के-१० आणि वॅगनआरला आता खालच्या मॉडेललाही सहा एअरबॅग येतात. पाच वर्षांपूर्वीच्या जुन्या गाडीत दोन मिळाल्या तरी खूप. फक्त एक्स-शोरूमच्या आकड्यावर जाऊ नका. पेट्रोल गाडीला आपल्याकडे ११ टक्के रोड टॅक्स, त्यात तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा. पाच लाखाची गाडी दारात येईपर्यंत पावणेसहाला जाते.

धुळ्याचा गॅरेजवाला

ताई, काका, राम राम.

मॉडेल नंतर. पहिलं काम, घरातला टेप घ्या आणि गेट मोजा. हसू नका. माझ्याकडे महिन्याला दोन-तीन गाड्या फक्त स्वतःच्या गेटला घासून येतात. अल्टो के-१० आरशांशिवाय ४ फूट ११ इंच रुंद, म्हणजे बरोबर तुमच्या उंचीइतकी. वॅगनआर ५ फूट ४, टियागो साडेपाच फूट.

दुसरं, शोरूममध्ये जाऊन चप्पल काढून सीटवर बसा. क्लच तळापर्यंत दाबा. गुडघा थोडा वाकलेला राहिला आणि टाच खाली टेकली तर गाडी तुमची. उशी ठेवायची नाही, ब्रेक मारताना सरकते. बुटक्या माणसाला उंच बसायची गाडी बरी, आणि म्हातारं माणूसही तिच्यात वाकून न बसता सरळ टेकतं. वॅगनआर मी त्यासाठीच सांगतो, बाकी माझं कुणाशी नातं नाही.

चढाचं औषध फुकट आहे. हँडब्रेक ओढा. पहिला गिअर. क्लच हळूहळू सोडत या, एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथे पाय थांबवा. दुसऱ्या पायाने थोडा रेस, आणि मग हँडब्रेक खाली. गाडी एक बोटही मागे जात नाही. मागचा ट्रक हॉर्न वाजवतो तो वाजवू द्या, त्याचं ते कामच आहे.

चाळीसगावकर

एवढं सगळं पायाने करण्यापेक्षा ऑटोमॅटिक घेऊन मोकळ्या का होत नाही? आमच्या सौ. एएमटी चालवतात, कन्नडचा घाटही चढल्या.

धुळ्याचा गॅरेजवाला

भाऊ, एएमटी चांगलीच. पण ती म्हणजे साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबायला यंत्र ठेवलेलं. हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी क्षणभर धरून ठेवायची सोय, नसेल तर ब्रेक सोडला की तीही मागे येते. आणि ताईंच्या बजेटात जुनी एएमटी आली, तिचं काही निघालं तर अमळनेरला कोण बघणार? पाऊण लाख वाढवता येत असतील तर नवी एएमटी घ्या, मी स्वतः पेढे आणतो.

बोरीकाठची मास्तरीण

गेट मोजलं. ६ फूट २ इंच! म्हणजे वॅगनआर गेली तर दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच, तेही आरसे मिटून. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या, म्हणाल्या, "गाडी लेवानी शे की गेटले झबलं शिवानं शे?"

काका, एअरबॅगचं पटलं, खरंच पटलं. पण पावणेसहा नाही जमत, कर्ज काढायचं नाही असं ठरलंय. नवी अल्टो बजेटात बसते, पण सासूबाईंना तिच्यात खाली वाकून बसवेना, दोनदा करून बघितलं. जुनी वॅगनआर बघते. बघताना काय काय बघू?

धुळ्याचा गॅरेजवाला

सकाळी सातला जा, न कळवता. इंजिन गार असताना सुरू झालेलं बघायचं. बोनेटला हात लावून गरम लागलं तर मालकाने आधीच सुरू करून ठेवलंय. दुपारी गेलात तर आपल्याकडे उन्हानेच बोनेट पोळतं, काही कळत नाही.

टायरवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर ३० हजार दाखवतंय आणि पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटरला विचारू नका, रबराला विचारा. पायाखालची मॅट उचलून चिखलाचा वास घ्या. बोनेटखाली वायरी कुरतडलेल्या आहेत का बघा, कपाशीच्या गोडाऊनजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर फार.

पिंप्राळ्याचे काका

कागद मी सांगतो, आयुष्य त्यातच गेलं. आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, गाडी नावावर करून घ्या, "नंतर बघू" चालणार नाही. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर व्हायला हवा. मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची सूट, मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे विम्याचा थोडा फरक भरावा लागेल, दचकू नका.

बोरीकाठची मास्तरीण

घेतली. २०२० ची पांढरी वॅगनआर, पेट्रोल, पाऊण गावाला माहीत असलेल्या एका निवृत्त सरांची. ४ लाख १५ हजार. पहिली गाडी बघितली तिचं पेडल गुळगुळीत आणि मीटर २८ हजार, ती सोडली. हिची मॅट उचलली तर खाली शेंगदाण्याची टरफलं आणि एक दहाचं नाणं निघालं. नाणं परत केलं. उरलेल्या पैशांतून पुढचे दोन टायर बदलले आणि महिनाभर रविवारी पहाटे सराव केला. आरसा एकदा गेटला घासला, डावा. पुलाच्या चढावर आता हँडब्रेकवर उचलते, परवा तर मागे दुधाची गाडी होती आणि मला ती दिसलीच नाही, म्हणजे लक्षच गेलं नाही.

सासूबाई धुळ्याला पुढच्या सीटवर बसून गेल्या. जाताना एक अक्षर बोलल्या नाहीत, हातात माळ. येताना पारोळ्याच्या अलीकडे घोरत होत्या.

एकच अडचण राहिली. शाळेच्या पांदण रस्त्यावर समोरून कापसाचा ट्रॅक्टर आला तर मागे कोणी जायचं? दोन्हीकडे काळी माती, उतरलं की चाक रुतलंच समजा.

धुळ्याचा गॅरेजवाला

ताई, ट्रॅक्टर मांगे जात नही. रिव्हर्सची प्रॅक्टिस करा.