मानस की जलद्वार? खाजन बांधांची मार्गदर्शिका अडलीय

खाजनवाला: गोव्यातल्या खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनींच्या, बांधदुरुस्तीच्या मार्गदर्शिकेची नवी आवृत्ती आपण सगळे एकाच फाइलीत करतोय, आणि एकाच पानावर बांधातल्या पाण्याच्या दाराला मानस, जलद्वार, स्लूस गेट अशी तीन नावं. मानसच ठेवा. भरतीचं पाणी दार लोटून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी तेच दार ढकलून बाहेर पडतं, हे तिसवाडीतल्या शेतकऱ्याला त्या एका शब्दात कळतं. आणि रूप ‘मानशीचे’. कुणीतरी ‘मानसचे’ करून ठेवलंय, वाचताना दाताखाली खडा येतो.

मुद्रितशोधक: सपशेल विरोध. प्रमाण मराठीत मानस म्हणजे मन, इरादा. ‘मानस तपासा’ वाचून नवा अभियंता काय तपासणार? जलद्वार नि:संदिग्ध आहे.

फोंड्याहून: जलद्वार म्हणणारा एक तरी माणूस बांधावर दाखवा! निविदेत स्लूस गेट असतं, तेवढं पहिल्या उल्लेखात सांगा आणि पुढे मानस.

मुद्रितशोधक: मग ‘दुरूस्ती’ही चालवून घ्या की. तीही लोक लिहितातच.

खाजनवाला: अजिबात नाही. तिथे मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम, १९७२ ची भर धरून. दुरुस्ती, रु पहिला, विषय संपला. संज्ञा वेगळी, शुद्धलेखन वेगळं. दोन्ही एका दावणीला बांधू नका.

डिचोलीकर: ते नियम महाराष्ट्र शासनाने मानलेले. आपल्या गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराची तरतूद आहे, ऱ्हस्व-दीर्घाची नाही.

फोंड्याहून: मग गोव्याचे वेगळे नियम कोण करणार, तुम्ही? पाठ्यपुस्तकात वाचलं तेच लिहूया.

कळफलकवाला: तुम्ही भांडा, पण एक बघा. मानशीपुढच्या काँक्रीटच्या तळाला आपण ‘ॲप्रन’ लिहिलंय. काहींचा ॲ एकसंध, काहींचा अ वर चंद्र देऊन. दिसायला जुळे भाऊ, पण शोधायला गेलं की निम्मे सापडतच नाहीत. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ पासून आहे. आज रात्री सगळे तसे करतोय, कुणी फाइल उघडू नका.

मुद्रितशोधक: करा. मानशीचंही बहुमत दिसतंय, पण शब्दसूचीत जलद्वार मी घालणारच.

खाजनवाला: घाला. समोर ‘पाहा : मानस’ लिहा.