शांतता समितीत खरं काम कसं करायचं?

तालुक्याचा मास्तर:
गणपती-ईद जवळ आले की पोलीस ठाण्यातून शांतता समितीच्या बैठकीचा निरोप येतो. तेच पुढारी, तेच मौलाना-महाराज, हार, फोटो, चहा. यंदा यादीत माझंही नाव आहे. गेल्या वर्षी एका मोबाइल स्टेटसवरून बाजारपेठ बंद पडली, तेव्हा यादीतलं कुणी रस्त्यावर दिसलं नाही. मला हे मनापासून करायचंय. नीट चाललेली समिती कुणी पाहिली आहे का?

यंत्रमाग:
पाहिली आहे, आमच्या भिवंडीत. १९७० आणि १९८४ च्या दंगली सोसलेलं शहर. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. माझे वडील मागावर जॉबर, म्हणजे मुकादम होते, गल्लीच्या कमिटीत तेही होते. सोबत भिशी चालवणाऱ्या मावशी, रिक्षावाले चाचा, ठाण्याचा एक फौजदार. हिंदू-मुसलमान सारखेच. बैठकीत धर्माचा विषय क्वचितच निघायचा. तुंबलेलं गटार, मालकानं थकवलेला पगार, दारू पिऊन बायकोला मारणारा शेजारी, हेच चालायचं.

डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली. एका रात्री आमच्याकडे आवई उठली, ‘खाडीपलीकडून जमाव येतोय’. वडील, चाचा आणि फौजदार तिथवर चालत गेले, डोळ्यांनी बघून आले आणि येताना प्रत्येक नाक्यावर थांबून सांगितलं, कुणी नाही, घरी जा. लोकांनी ऐकलं, कारण हीच माणसं त्यांच्या गटारासाठी नगरपालिकेत भांडली होती. जानेवारीतही भिवंडी शांत राहिली.

कुर्लेकर:
पण पुढचंही सांगा. २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला, गोळीबार झाला, पोलीसही मारले गेले. साहेब बदलले की कमिटी कागदावर उरते. मुंबईत दंगलीनंतर ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी हे पोलीस अधिकारी आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिटीचं काम नागरिकांच्या बळावर उभं केलं. पोलीस आणि वस्तीतली पोरं क्रिकेटचे सामने खेळली.

आणखी एक. मुंबईच्या त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ चा. ज्यांची माणसं गेली त्यांनी न्याय मागितला की ‘जुनं उकरू नका’ म्हणणारे शांततेच्या बैठकीत हमखास असतात. अशा बैठकीत मी बसणार नाही. मास्तर, तुम्हीही बसू नका.

साबरमतीकाठची:
आमच्या अहमदाबादेत १ जुलै १९४६ ला, रथयात्रेच्या दिवशी दंगल उसळली. काँग्रेस सेवादलाचे वसंतराव हेगिष्टे आणि रजबअली लाखाणी जमावाला थोपवायला जमालपुरात गेले. दोघंही मारले गेले. हेगिष्टे आपले मराठी, लाखाणी खोजा मुसलमान. इथे दोघांचं नाव एका दमात घेतात, वसंत-रजब. गायकवाड हवेलीत त्यांचं स्मारक आहे, अहमदाबादला आलात तर जरूर बघा. हे दोघं आधीपासून एकत्र काम करत होते, म्हणून त्या दिवशी एकत्र निघाले. यंत्रमागदादांच्या वडिलांचंही तेच.

तालुक्याचा मास्तर:
आभार. बैठक ठाण्याऐवजी शाळेच्या व्हरांड्यात घ्या आणि दर महिन्याला घ्या, असं साहेबांना सांगून आलो. नाक्यावरचे सायकलवाले चाचा आणि अंगणवाडीच्या ताई यायला तयार आहेत. कब्रस्तान आणि स्मशान, दोन्हीकडे जाणारा रस्ता एकच आहे आणि त्यावर एकही दिवा नाही. पहिला अर्ज त्याचा, सह्या सगळ्यांच्या.