मदत हवी आहे: सहा महिन्यांच्या लेकरासाठी ज्वारी-मुगाचं घरचं पीठ कसं करावं?

लेकराला सहा महिने पूर्ण झाले, अंगावरचं दूध चालू आहे. डब्यातलं तयार अन्न महिनोन्‌महिने परवडणार नाही. घरात मालदांडी ज्वारी, गहू, मूगडाळ, शेंगदाणे आहेत. फ्रीज नाही.
अडचण अशी की पेज पातळ ठेवली तर तासाभरात परत भूक, घट्ट केली तर गार होताच चिकट गोळा. ज्वारीला मोड आणून पीठ करा असं शेजारी सांगतात, ते करावं का? आणि या उन्हात पीठ किती दिवस टिकेल?
– लातूरवाली

काटा_मापं:
ताई, आधी मोडाचं. ज्वारीला मोड आणू नका. तिच्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी हिरवी ज्वारी खाऊन जनावराला विषबाधा होते ती याच द्रव्यामुळे. मोड काढायचे ते गव्हाला, मुगाला किंवा नाचणीला.

मूळ पीठ असं: ज्वारी 600 ग्रॅम, मूगडाळ 200 ग्रॅम. ज्वारी निवडून, धुऊन रात्रभर भिजवा, पाणी फेका, पातळ कापडाखाली कडक वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे आणि पिठाला बुरशी लागणार. मग ज्वारी आणि डाळ वेगवेगळी भाजा, डाळ लवकर करपते. बारीक दळून मैद्याच्या चाळणीने चाळा. शेंगदाणे यात दळू नका, तेलामुळे सगळं पीठ खवट होतं. त्यांचं कूट वेगळं, आठवड्यापुरतंच. काळपट, सुरकुतलेला, कडू दाणा बाजूला काढा. बुरशीचं विष भाजून जात नाही.

एका वेळेला पीठ 20 ग्रॅम, पाणी साधारण 150 मिली. चमचा प्रत्येक घरी वेगळा, म्हणून एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर आपला चमचा मोजून घ्या. पीठ गार पाण्यात कालवून मगच गॅसवर ठेवा, उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच. मंद आचेवर 8–10 मिनिटं शिजवा. उतरवताना एक चमचा (5 ग्रॅम) तूप किंवा तेल आणि एक चमचा बारीक कूट.

हिशेब: पिठातून सुमारे 70 कॅलरी, तुपातून 45, कुटातून 25–30. सहा ते आठ महिन्यांत दुधाखेरीज दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात, म्हणजे दोन वेळा पुरे. वरणाच्या नुसत्या पाण्याने पोट टम्म होतं, हाती काही लागत नाही. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत.

मोडाचा_गहू:
गोळा होण्यावर उपाय आहे. गहू 12 तास भिजवा, ओल्या कापडात बांधा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात. वाळवा, तव्यावर नुसतं गरम करा, रंग बदलू देऊ नका, दळा. मोडातलं अमायलेज (पाचक द्रव्य) पिठातला चिकट स्टार्च तोडतं, पण जास्त भाजलं तर तेच मरतं.
वापरायचं कसं: पेज घट्टच शिजवा, खाली उतरवून वाफ थोडी कमी झाली की यातलं अर्धा चमचा पीठ ढवळा. दोन-तीन मिनिटांत पेज सैल होते, पाणी न वाढवता. मग पुन्हा एक चांगली उकळी द्या, मोडाच्या पिठात जंतू असू शकतात. घट्टपणा बरोबर असेल तर चमचा तिरपा केल्यावर पेज धारेने ओघळत नाही.

परभणीकर:
पीठ: कोरड्या घट्ट डब्यात, ओला चमचा न घालता 15 दिवस. एकदम महिन्याचं दळू नका. शिजलेली पेज या गरमीत दोन तासांच्या पुढे नको, आणि लेकराचा चमचा लागलेलं उरलं की टाकूनच द्या. बाटली नको, वाटी-चमचा बरा.
बियाणं निवडायची वेळ आली तर आपल्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ज्वारी (2018) बघा, लोह आणि जस्त जास्त असलेली.

काजळ_तीट:
त्यात गूळ किंवा मध घातलं तर आवडीने खाईल ना?

काटा_मापं:
मध वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यातून बोट्युलिझमचे (अंग लुळं पाडणाऱ्या विषबाधेचे) जंतू जाऊ शकतात. गूळ, साखर, मीठही वर्षापर्यंत नकोच, चव लाल भोपळा किंवा रताळं कुस्करून येते.
लोहाचं मात्र मनावर घ्या. सहा महिन्यांनंतर अंगातला साठा संपत येतो आणि ज्वारीतलं लोह अंगी कमी लागतं. पेज कोमट झाल्यावर लिंबाचे चार थेंब पिळा. घरात चालत असेल तर पूर्ण उकडलेलं अंडं, त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. आशाताईंकडे लोहाचं औषध असतं, आठवड्यातून दोनदा 1 मिली, ते चुकवू नका. अंगणवाडीचा घरी न्यायचा आहारही सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराचाच आहे. त्याचा बहुतेक घरी सगळ्यांचा नाश्ता होतो, ते बंद करा.
नवा पदार्थ एका वेळी एकच, तीन दिवस बघून पुढचा.

लातूरवाली:
आभार. मिक्सरमध्ये ज्वारी रवाळच राहते. गिरणीत दिलं तर चालेल का?

परभणीकर:
चालेल, पण मिरची-मसाल्याच्या गिरणीत नाही. आधी कुणाची तरी ज्वारी दळून झाली की लगेच आपला नंबर लावा, आणि पहिलं मूठभर पीठ वेगळं काढून भाकरीला वापरा. दळलेलं गरम असतानाच डब्यात भरू नका, झाकणाला घाम येऊन वरचा थर जाळी धरतो.